काशीच्या वैद्यांचा तराजू: गोमांस आणि कोंबडी

 

आजचा विषय एका तरुण श्रोत्याच्या प्रश्नातून निघाला. तो व्यायामशाळेत जातो. त्याने विचारलं, "सर, प्रोटीनसाठी बीफ चांगलं की चिकन? आणि आपल्या जुन्या ग्रंथांत याबद्दल काही लिहिलंय का?" नोकरीत मी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये होतो. जवानाच्या ताटात किती ग्रॅम काय पडायचं, हा आमचा रोजचा हिशेब. त्यामुळे प्रश्नाचा पहिला भाग माझ्या धंद्यातला आहे. दुसरा भाग मी आज राहतो त्या गावाचा आहे.

आधी सरळ आकडे घेऊ. शंभर ग्रॅम शिजवलेलं, कातडी काढलेलं, छातीचं चिकन घ्या. त्यात साधारण 31 ग्रॅम प्रथिनं, साडेतीन ग्रॅम चरबी आणि 165 कॅलरी असतात. तेवढंच मध्यम चरबीचं, खिमा करून भाजलेलं बीफ घेतलं, तर प्रथिनं 26 ग्रॅमच्या आसपास, चरबी 15 ग्रॅम आणि कॅलरी 250. इथवर कोंबडी जिंकली. पण लोह पाहिलं तर चिकनमध्ये एक मिलिग्रॅम आणि बीफमध्ये अडीचच्या वर. जस्त चिकनमध्ये एक, बीफमध्ये सहा. बी-12 जीवनसत्त्व बीफमध्ये आठपट तरी जास्त. इथे बीफ जिंकलं. चिकनची मांडी कातडीसकट घेतली, तर चरबी त्या बीफएवढीच होते. उलट बीफचा चरबी काढलेला तुकडा घेतला, तर तो चिकनच्या जवळ येतो. म्हणजे प्राण्याच्या नावाइतकाच कुठला तुकडा घेतला यालाही अर्थ आहे. शिवाय 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाल मांसाला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात घातलं, आणि सॉसेज, सलामीसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाला 'कर्करोगकारक' या गटात. त्यामुळे लोह भरपूर म्हणून रोज लाल मांस, हा हिशेब जमत नाही.

आपल्या देशात 'बीफ' हा शब्दच घोटाळ्याचा आहे. इंग्रजीत तो गायीच्याही मांसाला लावतात आणि म्हशीच्याही. बनारसच्या विणकरांच्या मोहल्ल्यात 'बड़े का' म्हणतात, तेव्हा ते म्हशी-रेड्याचं असतं. उत्तर प्रदेशात गोहत्याबंदीचा कायदा 1955 पासून आहे. महाराष्ट्रात 2015 मध्ये बंदी बैल आणि वळूपर्यंत वाढली, म्हैस मात्र त्या बंदीत नाही. कायदा ही दोन जनावरं वेगळी मोजतो. आणि काशीच्या वैद्यांनीही ती वेगळीच मोजली होती.

आता त्या वैद्यांकडे वळू. सुश्रुतसंहितेच्या आरंभी प्रसंग असा आहे की काशीचा राजा दिवोदास, ज्याला धन्वंतरी म्हटलं आहे, तो सुश्रुत आणि त्याच्या सहाध्यायांना आयुर्वेद शिकवतो आहे. ग्रंथ आजच्या रूपात यायला काही शतकं लागली, त्यावर अनेक हात फिरले. पण परंपरा हा वर्ग काशीत भरला असं मानते. आपल्या मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्यांकडून संपादित करून घेऊन हा ग्रंथ डल्हणाच्या टीकेसह छापला, आणि देशभरचे वैद्य ती प्रत वापरू लागले.

या ग्रंथाच्या सूत्रस्थानात 46 वा अध्याय अन्नपानाचा आहे. तांदूळ, डाळी, भाज्या, दूध यांच्याबरोबर तिथे मांसाचीही मोठी यादी आहे. प्राण्यांचे गट पाडले आहेत ते कुठे राहतो, कसा चालतो, काय खातो यावरून. कोंबडा 'विष्किर' गटात, म्हणजे जमीन उकरून दाणे टिपणाऱ्यांत. हा गट पचायला हलका मानलेला. गाय 'ग्राम्य' गटात, घोडा, उंट, बोकड, मेंढा यांच्यासोबत. म्हैस आणखी वेगळ्या, पाणथळ काठाने राहणाऱ्यांच्या गटात.

मग एकेकाचे गुण येतात. कोंबड्याचं मांस स्निग्ध, उष्ण, वात कमी करणारं, बळ आणि आवाज देणारं, शरीर भरून आणणारं. रानकोंबडा हलका, गावातला तसाच पण जड. आपण गावरान आणि ब्रॉयलर यांवर जो वाद घालतो, त्याचा हा पूर्वज म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच की आपली लाडकी गावरान त्यांच्या हिशेबात जड ठरते. म्हशीचं मांस जड, झोप आणणारं, अंग घट्ट करणारं. आणि गायीच्या मांसाबद्दल लिहिलं आहे की दमा, खोकला, पडसं, अधूनमधून येणारा ताप यांत, फार श्रम करणाऱ्याला आणि ज्याची भूक भडकलेली आहे अशाला ते उपयोगी.

हे वाचलं की दोन प्रकारची माणसं उठून बसतात. एक म्हणतो, "बघा, सगळे खात होते!" दुसरा म्हणतो, "हे नंतर कुणीतरी घुसडलं." मी दोघांनाही सांगतो की शेजारचं पानही वाचा. चरक काशीचे नव्हेत, पण त्यांचा ग्रंथ याच शास्त्राचा दुसरा खांब आहे. तेही गोमांसाचे जवळजवळ हेच उपयोग सांगतात. पण त्याच चरकसंहितेत आहारातल्या हितकर आणि अहितकर पदार्थांची जी यादी आहे, तिथे पशूंच्या मांसांत सर्वांत अहितकर म्हणून गोमांसाचंच नाव आहे. एकाच ग्रंथात दोन्ही विधानं आहेत, आणि ती एकमेकांना खोडत नाहीत. अमुक रोग्याला, अमुक अवस्थेत उपयोगी, आणि सर्वसाधारण माणसाला रोजच्यासाठी वाईट. औषधाच्या दुकानातल्या निम्म्या गोळ्यांबद्दल आजचा डॉक्टर असंच बोलेल.

चरकसंहितेत अतिसाराच्या प्रकरणात एक कथा आहे. पृषध्र नावाच्या राजाने दीर्घ यज्ञ केला, दुसरे पशू मिळेनात तेव्हा गायी मारल्या, आणि ते मांस खाऊन लोकांना पहिल्यांदा अतिसार झाला. कारणं काय दिली आहेत पाहा. मांस जड, मांस उष्ण, लोकांना सवय नाही. आणि त्याबरोबर आणखी एक कारण, खाणाऱ्यांची मनं व्यथित झालेली होती. अन्न पचेल की नाही हे ठरवताना त्या वैद्याने मनही मोजलं.

आता कोंबडीकडे येतो, कारण आज आपण तिला बिनवादाची समजतो. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांसाठी वर्ज्य पदार्थ आहेत. त्यात एकाच ओळीत गावातला कोंबडा, लसूण आणि कांदा ही नावं येतात. मंडळी, म्हणजे आपल्या तांबड्या रश्श्याचं अर्धं सामान तिथे बाद झालं! महामहोपाध्याय पां. वा. काण्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात भक्ष्याभक्ष्याचे हे नियम काळानुसार कसे बदलत गेले ते सविस्तर मांडलं आहे. धर्मशास्त्र ज्या कोंबड्याला दाराबाहेर ठेवत होतं, त्याच कोंबड्याचं वैद्य अशक्त रोग्यासाठी कौतुक करत होता. धर्मशास्त्र सांगत होतं काय खावं-न खावं. वैद्य सांगत होता खाल्लं तर शरीरात काय होतं. दोन्ही कामं एकाच समाजात, शेजारी शेजारी चालू होती, आणि वैद्याने आपल्या वहीतली नोंद पुसली नाही. आज आपण हे दोन प्रश्न एकत्र कालवतो आणि मग भांडतो.

खाणाऱ्याच्या मनाचा मुद्दा मला पटतो तो माझ्या धंद्यामुळे. त्याचं उदाहरण काशीपासून लांबचं आहे, पण त्याची एक तारीख काशीची आहे. 4 फेब्रुवारी 1916. त्या दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी इथे बनारस हिंदू विद्यापीठाची कोनशिला बसवली. त्याच दिवशी, त्यांच्याच सरकारने मेसोपोटेमियात पाठवलेली सहावी पूना डिव्हिजन टायग्रिस नदीकाठी कुत-अल-अमारा गावात तुर्की वेढ्यात अडकली होती. 7 डिसेंबर 1915 पासून वेढा पडला होता. आत 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. आपल्या सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची पोरं.

रेशन संपत आलं. आधी तोफा ओढणारे बैल कापले, मग घोडे आणि खेचरं. गोरे सैनिक ते खात होते. हिंदी सैनिकांपैकी बहुतेकांनी, हिंदूंनी आणि मुसलमानांनीही, घोडा नाकारला. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीच्या तारा मागवल्या, तरी पुष्कळांनी हात लावला नाही. गावी परतल्यावर जात काय म्हणेल, ही भीती तारेने जात नाही. ताजं मांस नाही, भाजी नाही, म्हणून हिंदी जवानांत स्कर्व्ही पसरली. गंमत अशी की सुरुवातीला मैद्याच्या पावावर असलेल्या गोऱ्यांत बेरीबेरी झाली, आणि कोंड्यासकट आटा आणि डाळ खाणारे आपले जवान त्यातून वाचले. एप्रिलमध्ये बरेच हिंदी जवान घोड्याचं मांस खाऊ लागले, पण तोवर अंगातली ताकद गेली होती. 29 एप्रिल 1916 ला डिव्हिजन शरण गेली.

सुश्रुतांच्या यादीत घोडा आणि गाय एकाच गटात आहेत, हे आठवा. कुतमधल्या घोड्याच्या मांसात प्रथिनं होती, लोह होतं. तक्त्यावर सगळं होतं. पण जे ताटातून पोटात जात नाही, त्याचं पोषणमूल्य शून्य. रसद सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने हा धडा विसरायचा नसतो. म्हणून आपल्या सैन्यात मांस न खाणाऱ्या जवानाला त्याच्या बदल्यात दुधासारखी दुसरी वस्तू मिळते. कुणी त्याला "अडाणीपणा सोड" म्हणत नाही. त्याची प्रथिनं दुसऱ्या वाटेने त्याच्यापर्यंत पोचवायची, हे आमचं काम.

हाच न्याय घरातही लावा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीत रोजचं लोह पुरुषाला 19 मिलिग्रॅम आणि स्त्रीला 29 मिलिग्रॅम सांगितलं आहे. शंभर ग्रॅम चिकन त्यातलं एक देतं, बीफ अडीच. मांसातलं लोह शरीर जास्त सहज घेतं हे खरं, तरी भार बाकीच्या ताटावरच राहतो. बाजरी, पालेभाजी, डाळ, वर पिळलेलं लिंबू. जो मांस खातो त्याने कातडी काढलेली कोंबडी, मासे, अंडी यांवर प्रथिनांचा हिशेब सहज बसवावा. ज्याच्या घरात आणि ज्याच्या राज्याच्या कायद्यात लाल मांस चालतं, त्याने ते बेताने, चरबी काढून, प्रक्रिया न केलेलं घ्यावं. ज्याच्या घरात कुठलंच चालत नाही, त्याला दूध, डाळ, सोयाबीन आहे. बी-12 मात्र त्याने तपासून घ्यावं.

आधुनिक तक्ता विचारतो, किती ग्रॅम? काशीच्या वर्गात विचारत होते, कुणासाठी, कुठल्या रोगात, भूक कशी, सवय काय? मला विचाराल तर दोन्ही प्रश्न लागतात. आणि जुना ग्रंथ उघडाल तेव्हा आपल्या सोयीचं एकच पान फाडून नेऊ नका. नकाशावर नदी दाखवली असेल तर ती आहे. आपल्याला आवडत नाही म्हणून ती पुसून पलटण पुढे नेली, तर पलटण बुडते.

पुढच्या भागात काशीच्या गागाभट्टांबरोबर रायगडावर जाऊ. तोवर नीट जेवा, आणि शेजाऱ्यालाही त्याच्या पद्धतीने जेवू द्या. जय हिंद.