पादत्राणांची मापे
पाऊल व पादत्राण यांचा मेळ घालण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या मापनपद्धती. इंग्लंडमध्ये जवाच्या दाण्याची लांबी, म्हणजे १/३ इंच (सु. ८.४७ मिमी.), हे जोड्याच्या दोन क्रमांकांतील अंतर ठरले, यूरोप खंडात २/३ सेंमी.चा ‘पॅरिस पॉइंट’ रूढ झाला. दोन्हींत क्रमांक जोड्याच्या साच्याच्या लांबीवरून ठरतो. साच्यात बोटांपुढे राखलेली जागा कमीअधिक असल्याने एकाच क्रमांकाचे जोडे सारखे बसत नाहीत. माँडोपॉइंट या मेट्रिक पद्धतीत प्रत्यक्ष पावलाची लांबी व रुंदी मिलिमीटरमध्ये देतात.

भारताने १९५६ च्या अधिनियमाने मेट्रिक मापे स्वीकारली, तरी जोड्यांचे इंग्रजी क्रमांक टिकून राहिले. राधानगरी तालुक्यासह कोल्हापूर जिल्हा कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनाच्या क्षेत्रात येतो. खिळ्यांऐवजी चामड्याच्या वादीने शिवलेली ही चप्पल पुढून उघडी असल्याने तीत बोटे दबत नाहीत. मात्र तिचा पट्टा पावलाच्या रुंदीशी जुळावा लागतो. ही रुंदी इंग्रजी क्रमांकात व्यक्त होत नाही. चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१–२२ मध्ये सु. एक लाख व्यक्तींची पावले मोजली. भारतीय पाऊल यूरोपीय पावलाहून रुंद असल्याचे व रुंदीसाठी अनेकजण गरजेपेक्षा लांब जोडे घेत असल्याचे तीत आढळले. त्यावरून ‘भा’ ही स्वतंत्र मापनपद्धती सुचविण्यात आली.