कंबरेतला मणका सरकला म्हणजे काय? चोळून, लाथ मारून तो जागेवर बसत नाही

अहिल्यानगर : पाथर्डी-शेवगावचे ऊसतोड मजूर असोत की पारनेरला कांदा काढणाऱ्या बाया, कंबर धरण्याची तक्रार घरोघरी असते. उसण भरली समजून कुणी चोळून घेतं, कुणी पायाळू माणसाची लाथ घेतं. मात्र दुखणं मणका सरकल्याचं असेल, तर असे उपाय त्रास वाढवू शकतात.

नेमकं काय होतं?
कंबरेत पाच मणके असतात. त्यातला एक खालच्या मणक्यावरून बहुधा पुढे सरकतो. डॉक्टर याला ‘स्पॉन्डिलोलिस्थेसिस’ म्हणतात. गादी सरकणं हा वेगळा आजार. त्यात दोन मणक्यांमधली चकती बाहेर येते.

कुणाला होतो?
पन्नाशीनंतर सांधे झिजल्याने होतो, त्यात बायकांचं प्रमाण जास्त. तालमीतल्या किंवा वेगवान गोलंदाजी करणाऱ्या पोरांत मणक्याच्या मागच्या हाडाला बारीक चीर पडूनही होतो.

कसं ओळखायचं?
उभं राहिलं, चाललं की कंबर आणि पाय दुखतात, मुंग्या येतात. बसलं किंवा पुढं वाकलं की अनेकांना बरं वाटतं. उभं राहून काढलेल्या एक्स-रेत सरकलेला मणका दिसतो. शिर दबल्याचा संशय असेल तर एमआरआय सांगतात. २५ टक्क्यांपर्यंत सरकला तर पहिली पायरी, ५० पर्यंत दुसरी.

ऑपरेशन लागतंच का?
नाही. पहिल्या-दुसऱ्या पायरीतल्या बहुतेकांना व्यायाम, औषधं आणि ओझं टाळून आराम पडतो. मणका मागे जात नाही, पण पोट-पाठीचे स्नायू बळकट झाले की दुखणं कमी होतं. महिनोन्‌महिने अंथरुणावर पडून राहू नये. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने वेदनाशामक गोळ्या खाऊ नयेत. किडनीला धोका असतो.

तेव्हा थांबू नका
लघवी अडली किंवा नकळत झाली, शौचावर ताबा राहिला नाही, जांघेत बधिरपणा आला, पायातली ताकद गेली, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठावा. उशीर झाला तर हे कायमचं राहू शकतं. रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा.

कुठे जायचं?
नगरचं जिल्हा रुग्णालय, लोणी आणि विळद घाटातली मेडिकल कॉलेजची रुग्णालयं इथे हाडांचे डॉक्टर असतात. ऑपरेशन सांगितलं, तर रेशनकार्ड व आधार घेऊन आधी आरोग्यमित्राला भेटावं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ते बसतं का, हे तिथे कळेल.