कोणतं औषध मारलं होतं?

आमच्याकडे कीटकनाशकाला कुणी कीटकनाशक म्हणत नाही. औषध म्हणतात. पऱ्हाटीवर औषध मारायचं असतं, तुरीवर औषध मारायचं असतं, कृषी केंद्रातून ते उधारीवर आणायचं असतं. कुणी जीव द्यायचा प्रयत्न केला, तरी गावात हळू आवाजात 'त्यानं औषध घेतलं' एवढंच सांगतात. मग त्याला दवाखान्यात नेतात आणि तिथेही त्याला औषधच देतात. २०१७च्या पावसाळ्यात या एका शब्दाने यवतमाळच्या डॉक्टरांना फार छळलं असणार.

रुग्णालय वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं. नाईक आमच्याच जिल्ह्यातले, पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री. संकरित बियाणं, खतं आणि फवारे महाराष्ट्राच्या शेतात रुजले ते त्यांच्याच काळात. त्यांच्या नावाच्या रुग्णालयात फवाऱ्याचे बळी दाखल व्हावेत, या योगायोगावर मी फार काही लिहिणार नाही.

विषबाधेचा रुग्ण इथल्या डॉक्टरांना नवा नव्हता. या जिल्ह्यात नोकरी करणाऱ्या डॉक्टरला विष प्यायलेला माणूस पहिल्याच महिन्यात भेटतो. त्याची एक ठरलेली रीत असते. नातेवाईक बहुधा डबा सोबत आणतात. तोंडाला उग्र वास, लाळ, घाम, टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या. ऑर्गेनोफॉस्फेट म्हणायचं, पोट धुवायचं, अॅट्रोपिन सुरू करायचं.

त्या वर्षी जुलैअखेरपासून जे येऊ लागले ते प्यायलेच नव्हते. ते सकाळी पंप पाठीला लावून वावरात गेले होते. उलट्या, थरथर, छातीत दाटलेलं, आणि कित्येकांना दिसेनासं झालेलं. डबा सोबत नव्हता, तो धुऱ्यावर पडलेला. अपघात विभागात पहिला प्रश्न विचारला जातो, 'कोणतं औषध मारलं होतं?' आणि त्याचं उत्तर मिळत नव्हतं. शेतमजुराने औषध विकत घेतलेलंच नसतं. मालकाने ड्रममध्ये कालवून ठेवलेलं त्याने पंपात भरलेलं असतं. मालकालाही दुकानदाराने सांगितलेलं. त्यात दोन कीटकनाशकं, एखादं बुरशीनाशक, झाड वाढावं म्हणून टॉनिक, हे सगळं एकत्र. आमच्या घरी आजही औषधांची नावं 'निळ्या झाकणाचं' आणि 'वासाचं' अशी आहेत. सॉफ्टवेअरमध्ये काही बिघडलं की आम्ही आधी शेवटचा बदल काय केला ते विचारतो, आणि ते कुठेतरी नोंदलेलं असतंच. इथे नोंद कुठेच नव्हती.

नाव कळण्याने काय फरक पडतो? फार पडतो. ऑर्गेनोफॉस्फेटची गोष्ट जर्मनीत सुरू होते. गेरहार्ड श्राडर हा रसायनशास्त्रज्ञ कीटकनाशक शोधत होता आणि १९३६मध्ये त्याच्या हाती ताबून लागलं, म्हणजे युद्धातला विषारी वायू. कीड मारणारं आणि माणूस मारणारं रसायन एकाच घराण्यातलं. ते शरीरातलं कोलिनेस्टरेज हे विकर अडवतं, आणि मज्जातंतूंचे संदेश थांबायचं नावच घेत नाहीत. त्यावरचं अॅट्रोपिन मिळतं बेलाडोनापासून. आपला धोतरा त्याचाच भाऊबंद. छातीतला ओलावा सुकेपर्यंत ते देत राहावं लागतं. कमी पडलं तर रुग्ण गुदमरतो. जास्त झालं तर धोतरा खाल्ल्यासारखा होतो: बाहुल्या विस्फारतात, धूसर दिसतं, माणूस हवेत काहीतरी पकडतो, सलाइन उपसून पळू बघतो.

त्या दिवसांत हातपाय खाटेला बांधलेल्या रुग्णांच्या बातम्या येत होत्या. मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. वाचून मला दवाखान्याचाच राग आला होता. आज तसं वाटत नाही. आपण दिलेल्या औषधानेच कदाचित बेभान झालेल्या माणसाला बांधायचं, आणि तरी ते औषध थांबवायचं नाही, हे काम रात्रपाळीच्या सिस्टरला आणि पंचविशीतल्या निवासी डॉक्टरला करायचं होतं. रुग्ण 'दिसत नाही' म्हणतो, ते विषामुळे की अॅट्रोपिनमुळे, हेही ओळखायचं.

त्यातून प्रत्येक फवारा ऑर्गेनोफॉस्फेटचा नव्हता. मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस त्या घराण्यातले. पण त्या हंगामात डायफेन्थियुरॉनही वापरात होतं, 'पोलो' या नावाने विकलं जाणारं. ते कोलिनेस्टरेजच्या वाटेला जात नाही; पेशीची ऊर्जा तयार होते तिथे घाव घालतं. त्यावर खास उतारा नाही. रक्तातलं कोलिनेस्टरेज मोजलं असतं तर निदान कुणाला अॅट्रोपिन द्यायचं याचा अंदाज आला असता. ती तपासणी तेव्हा या रुग्णालयात होत नव्हती. राहता राहिली रुग्णाची जीभ, आणि ती जड झालेली.

जिल्ह्यात २०हून अधिक माणसं गेली, ८००च्या आसपास दाखल झाली. सरकारने विशेष तपास पथक नेमलं. कारणं पुष्कळ सांगितली गेली: त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा तोंडावर येत होता, हवा दमट, बॅटरीचे पंप बारीक तुषार उडवणारे, बोंडअळी बीटी कपाशीला जुमानेनाशी झालेली. हातमोजे-मास्क वापरले नाहीत, हे कारण सगळ्यात जास्त वेळा ऐकलं. सप्टेंबरच्या उन्हात ते घालून ज्याने एक तास पंप मारला असेल, त्याने हे जरूर बोलावं.

मला जास्त खटकतं ते वेगळंच. १९५८ साली केरळात पॅराथिऑन सांडलेलं धान्य खाऊन १००वर माणसं मेली. त्यातूनच पुढे १९६८चा कीटकनाशक कायदा आला. त्याच्या कलम २६मध्ये विषबाधेच्या घटना कळवणं बंधनकारक करायचा अधिकार राज्य सरकारला दिलेला आहे. म्हणजे डॉक्टरने पाहिलेलं शेतापर्यंत परत पोचावं, ही कल्पना कायद्यात होती. यवतमाळला जुलैअखेर रुग्ण येऊ लागले आणि गाजावाजा झाला तो सप्टेंबर संपताना. मधले दोन महिने कपाशीवर फवारणी चालूच होती.

केसपेपरवर आणखी एक गोष्ट ठरत होती. मारलं की घेतलं? तेव्हाच्या शेतकरी अपघात विमा योजनेत फवारणीतली विषबाधा बसत होती, आत्महत्या बसत नव्हती. शिवाय सातबारावर नाव लागायचं, आणि पंप पाठीवर घेणाऱ्या मजुराच्या नावावर बहुधा गुंठाभरही नसतो. पुढे सरकारने मृतांच्या वारसांना २ लाख रुपये जाहीर केले, तेव्हाही आधी मृत्यू फवारणीनेच झाला हे कागदावर असावं लागणारच होतं. घाईत असलेल्या इंटर्नने लिहिलेल्या एका ओळीवर एका घराचं भवितव्य अवलंबून होतं. त्या पोराला ते माहीत असेल का, कोण जाणे.

सप्टेंबर २०२०मध्ये जिल्ह्यातल्या ५१ कुटुंबांच्या वतीने स्वित्झर्लंडमध्ये सिंजेंटा कंपनीविरुद्ध तक्रार दाखल झाली, आणि जून २०२१मध्ये दोन विधवा आणि एक वाचलेला शेतकरी यांनी बासेलमध्ये दावा लावला. डायफेन्थियुरॉनला खुद्द स्वित्झर्लंडमध्ये परवानगी नाही. पोलिसांच्या नोंदींत विषबाधेच्या ९६ घटनांत 'पोलो'चं नाव असल्याचं या कुटुंबांची बाजू मांडणाऱ्या संस्थांनी पुढे आणलं. कंपनीने जबाबदारी नाकारली. वाद पुन्हा त्याच प्रश्नावर आला: त्या दिवशी ड्रममध्ये नेमकं काय होतं? चार वर्षं आधी रात्रपाळीच्या डॉक्टरने विचारलेला प्रश्न आता वकील विचारत होते.

गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा बाबांना म्हटलं, फवारायच्या आधी डब्याचा फोटो काढून मला पाठवत जा. ते हसले. आता पाठवतात, बहुतेक वेळा फवारून झाल्यावर. फोटोत झाकण स्पष्ट दिसतं, लेबलवरची बारीक अक्षरं वाचता येत नाहीत.