कारणे द्या : चाहत्यांची एक पिढी का ओसरते?

मेळाव्याच्या तयारीच्या बैठकीत एक वाक्य मी तीनदा ऐकले : "हल्लीच्या बॅचना शाळेबद्दल काही वाटत नाही." मीही मान डोलावली. घरी आलो तर मुलगी लॅपटॉपवर जपानी कार्टून पाहत होती. तिच्या भाषेत ॲनिमे. सवयीने म्हणालो, "हे काय बघतेस? आमच्या वेळचं 'जंगल बुक' बघ." ती म्हणाली, "बाबा, तेही ॲनिमेच आहे. जपानी."

तिचे बरोबर होते. १९९३ साली, आपण सातवीत असताना, रविवारी सकाळी दूरदर्शनवर पाहिलेला मोगली 'निप्पॉन ॲनिमेशन' या जपानी कंपनीने काढला होता. जपानमध्ये ती मालिका १९८९ सालीच सुरू झाली होती. इकडे गुलजारांनी शीर्षकगीत लिहिले, विशाल भारद्वाज यांनी चाल दिली, नाना पाटेकरांनी शेरखानला आवाज दिला आणि मोगली आपल्या घरचाच होऊन गेला. आपण त्याचे चाहते होतो, पण कशाचे चाहते आहोत हे आपल्याला ठाऊक नव्हते.

मग ॲनिमेच्या चाहत्यांचा इतिहास वाचत गेलो. "हल्लीच्यांना काही वाटत नाही" हे वाक्य तिथेही दर दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा बोलले गेले आहे. आपल्या इतिहासाच्या बाई नुसत्या सनावळीला पूर्ण गुण देत नसत. 'कारणे द्या' म्हटले की कारणच हवे असे. त्यांना स्मरून हे उत्तर लिहीत आहे.

सुरुवात १९६३ ची. त्या वर्षी १ जानेवारीला ओसामु तेझुका यांची 'अणुबालक' ॲटमची मालिका जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली आणि त्याच वर्षी 'ॲस्ट्रो बॉय' या नावाने अमेरिकेत पोहोचली. एकूण १९३ भागांपैकी १०४ इंग्रजीत आले. अमेरिकी मुलांनी ते आवडीने पाहिले, पण बहुतेकांना ते जपानी आहे याची कल्पना नव्हती. ही पहिली पिढी म्हणजे प्रेक्षक होते, मंडळ नव्हते. थेट आपल्या मोगलीसारखे.

मंडळ जमले ते घरगुती व्हिडिओ रेकॉर्डर आल्यावर. १९७६ च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये तिथल्या जपानी वस्तीसाठी प्रचंड यंत्रमानवांच्या मालिका दाखवल्या जात. विज्ञानकथांच्या काही चाहत्यांनी त्या कॅसेटवर उतरवल्या, एकमेकांना दाखवल्या आणि मे १९७७ मध्ये 'कार्टून/फँटसी ऑर्गनायझेशन' हे मंडळ स्थापन केले. त्यातला एक प्रमुख माणूस फ्रेड पॅटन, पेशाने ग्रंथपाल.

त्यांचे काम कसे चालायचे हे वाचण्यासारखे आहे. ते जपानी चाहत्यांशी पत्रव्यवहार करत आणि कॅसेटींची अदलाबदल करत. जपानी चाहत्यांना 'स्टार ट्रेक' हवे असे, यांना यंत्रमानव. हे जमले याचे एक कारण तांत्रिक होते. जपान आणि अमेरिका दोन्हीकडे एनटीएससी ही एकच टीव्ही पद्धत होती, त्यामुळे टोकियोची कॅसेट लॉस एंजेलिसमध्ये सरळ चाले. आपल्याकडे पाल पद्धत. ती कॅसेट कोणी आणलीच असती, तर आपल्या साध्या व्हीसीआरवर धड दिसली नसती.

भाषा बहुतेकांना येत नसे. मग ज्याला थोडे कळे तो कथानक सांगे, किंवा कथासार टंकून त्याच्या प्रती वाटल्या जात. कॅसेटवरून कॅसेट, तिच्यावरून आणखी एक, असे करताना प्रत्येक प्रतीत चित्र धूसर होई आणि रंग वाहत. तरी लोक रात्र जागून पाहत. एका कॅसेटसाठी अनोळखी माणसाला पत्र लिहावे लागे आणि त्यातूनच मैत्री होई. टंचाईने माणसे बांधली गेली होती.

त्याच काळात जपानमध्येही चाहत्यांची नवी पिढी उभी राहत होती. १९७४ ची 'अंतराळ युद्धनौका यामातो' ही मालिका प्रेक्षकसंख्येअभावी ठरल्यापेक्षा आधी गुंडाळली गेली. पण १९७७ साली तिचा चित्रपट आला तेव्हा तरुणांनी चित्रपटगृहांबाहेर आदल्या रात्रीपासून रांगा लावल्या. १९७९ ची 'गंडम'ही अशीच मध्येच आटोपली आणि पुनःप्रक्षेपणाने व जोडायच्या खेळण्यांनी पुन्हा उभी राहिली. टोकियोत २१ डिसेंबर १९७५ रोजी चाहत्यांच्या स्वप्रकाशित पुस्तिकांचा 'कॉमिकेत' हा मेळा प्रथम भरला. ३२ गट आणि सुमारे ७०० माणसे. त्यांत शाळकरी मुलींचा भरणा मोठा. आज त्या मेळ्याला लाखो लोक जातात.

ओसाकाच्या विद्यार्थ्यांनी १९८१ आणि १९८३ च्या विज्ञानकथा संमेलनांसाठी घरच्या घरी छोटे उद्घाटनपट काढले. त्यांच्यातूनच पुढे 'गायनॅक्स' ही कंपनी निघाली आणि त्यांच्यातल्याच हिदेआकी आन्नो यांनी १९९५ मध्ये 'इव्हँजेलियन' केले, ज्याने चाहत्यांची आणखी एक पिढी जन्माला घातली. म्हणजे काही चाहते ओसरले नाहीत. ते पडद्यामागे गेले.

अमेरिकेत १९७९ साली 'यामातो' 'स्टार ब्लेझर्स' होऊन आली, तर १९८५ साली तीन वेगवेगळ्या जपानी मालिका शिवून 'रोबोटेक' तयार झाली. टीव्हीवरून आलेल्या या नव्यांना जुन्यांचे कथासार वाटण्याचे कष्ट माहीत नव्हते. पण १९८९ च्या सुमारास याच नव्यांपैकी काहींनी 'अमिगा' संगणक वापरून कॅसेटवर स्वतः इंग्रजी उपशीर्षके घालायला सुरुवात केली. अधिकृत आवृत्ती बाजारात आली की आपली प्रत वाटणे थांबवायचे, असा नियमही अनेक गटांनी पाळला. १९९० पासून फक्त ॲनिमेसाठी संमेलने भरू लागली आणि १९९२ मध्ये 'ॲनिमे एक्स्पो' सुरू झाला. चाहत्यांनीच कंपन्या काढल्या आणि कॅसेट दुकानात मिळू लागली.

मग १९९५ मध्ये 'सेलर मून' आणि १९९८ मध्ये 'पोकेमॉन' अमेरिकेत आले. मुली आल्या, लहान मुले आली. जुन्यांनी नाके मुरडली. त्यांच्यामागून इंटरनेट आले आणि ज्या भागासाठी सहा महिने वाट पाहावी लागे तो एका रात्रीत मिळू लागला. मंडळांची कॅसेटींनी भरलेली कपाटे अडगळ झाली. आपल्याकडे हेच टप्पे एकमेकांवर चढत आले. दूरदर्शननंतर केबल, २००४ मध्ये 'ॲनिमॅक्स' वाहिनी, पाठोपाठ हिंदी बोलणारा 'डोरेमॉन' आणि आता मोबाइल.

आता कारण. जुनी मंडळे ओसरली ती प्रेम आटले म्हणून नव्हे. ज्या कामासाठी ती जमली होती ते काम पुरे झाले म्हणून. कॅसेट मिळवणे, अर्थ लावणे, चार समविचारी माणसे शोधणे हे सगळे त्यांनी इतके सोपे करून ठेवले की पुढच्यांना त्यासाठी एकत्र यायची गरजच उरली नाही. माझी मुलगी कॅसेटसाठी पत्र लिहीत नाही, पण तीन महिने खपून आवडत्या पात्राचा पोशाख स्वतः शिवते. तिची ओढ कमी नाही, तिची टंचाई वेगळी आहे.

आपल्या नंतरच्या बॅचचेही हेच असावे. आपण एकमेकांचे पत्ते शोधत वर्ष घालवले, म्हणून मेळावा आपल्याला सणासारखा वाटतो. दहावी सुटलेल्या दिवसापासून ज्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप चालू आहे, ते कोणाला शोधायला येतील? त्यांना बोलवायचे तर काही काम द्यावे लागेल.

एक काम मला सुचते. २००५ मध्ये पॅटन यांना पक्षाघात झाला. त्यांनी जन्मभर जपलेली पत्रके, अंक आणि कागद शेकडो खोक्यांतून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील ग्रंथालयात गेले. २०१८ मध्ये ते वारले. पहिल्या चाहत्यांविषयी आज खात्रीने जे सांगता येते, त्यातले बरेचसे या एका माणसाने कागद टाकून दिले नाहीत म्हणून.

आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे. मेळाव्याच्या प्रदर्शनासाठी आपण आपल्या सातवीच्या हस्तलिखिताचा शोध घेत होतो. प्रत्येकाने दुसऱ्याकडे असेल असे सांगितले. मीही तेच सांगितले. ते माझ्याकडे होते. दहा-बारा वर्षांपूर्वी घर बदलताना रद्दीत गेले. त्यातला मोगली आणि बघीरा आपल्यातल्या ज्याने काढला होता तो आज हयात नाही आणि त्याच्या घरच्यांनी त्या चित्राबद्दल विचारले होते. मला उत्तर देता आले नाही.

त्यामुळे ही विनंती अधिकाराने करत नाही. प्रत्येक बॅचने, अगदी यंदा दहावी झालेल्यांनीही, चार-चार पाने लिहावीत. वर्गात कोण होते, काय पाहत होतो, कशासाठी भांडलो, कोण गेले. पाने शाळेच्या ग्रंथालयात एका वहीत राहावीत. सुरुवात म्हणून माझी चार पाने मी मेळाव्याला आणत आहे. ते चित्र ज्यांना आठवत असेल त्यांनी त्या वहीत मोगलीच्या हातात काय होते तेवढे लिहावे. मला आठवत नाही.