कोड, कोढ़ आणि कुष्ठ : एका नावाचा इतिहास

या टिपणात आपण त्वचारोगांच्या काही नावांचा इतिहास पाहणार आहोत. मी लखनौत अभियांत्रिकीचा शिक्षक आहे. वैद्यक हा माझा विषय नाही. मात्र एका प्रसंगामुळे या शब्दांकडे वळलो, तो आधी सांगतो.

महाराष्ट्रातून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या हातावर पांढरे डाग होते. वसतिगृहात कोणी विचारले, तेव्हा तो सहज म्हणाला, “कुछ नहीं, कोड है.” समोरच्याने ऐकले ‘कोढ़’. दुसऱ्याच दिवशी खोलीतल्या सोबत्याने खोली बदलून मागितली. मराठीत कोड म्हणजे त्वचेचा रंग जाणे; हिंदीत कोढ़ म्हणजे महारोग. एवढा फरक कसा पडला?

१. एक मूळ, दोन अर्थ

दोन्ही शब्द संस्कृत ‘कुष्ठ’ या शब्दापासून आले. पण चरकसंहितेत कुष्ठ हे एकाच रोगाचे नाव नाही, तो त्वचारोगांचा मोठा वर्ग आहे. त्यात ७ महाकुष्ठे आणि ११ क्षुद्रकुष्ठे, असे १८ प्रकार सांगितले आहेत. आपण ज्याला गजकर्ण म्हणतो, तो ‘दद्रू’ही त्यात येतो; हिंदीतला ‘दाद’ हा शब्द त्यातूनच आला. पांढऱ्या डागांना ‘श्वित्र’ किंवा ‘किलास’ अशी वेगळी नावे होती. किलासाचा उल्लेख अथर्ववेदातही आहे.

पुढे बोलीभाषांत या व्यापक शब्दाचा अर्थ आकसला, पण प्रत्येक भाषेत वेगळ्या दिशेने. हिंदीने तो सर्वांत भयंकर रोगासाठी ठेवला. मराठीने पांढऱ्या डागांसाठी ‘कोड’ ठेवला आणि भयंकर रोगाला ‘महारोग’, ‘रक्तपिती’ म्हटले. बोलीने केलेली ही फारकत ‘श्वेतकुष्ठ’ या पुस्तकी शब्दाने पुन्हा पुसली. ‘कोडकौतुक’मधला कोड मात्र निराळा, त्याची गल्लत करू नका.

२. लखनौची हकिमी परंपरा

लखनौत या दोन रोगांना स्वतंत्र नावे होतीच. युनानी वैद्यकात महारोग म्हणजे ‘जुज़ाम’ आणि कोड म्हणजे ‘बरस’. हकीम अब्दुल अज़ीज़ यांनी १९०२ मध्ये येथे तकमील-उत-तिब ही युनानी शिक्षणसंस्था काढली. वैद्यकाच्या भाषेत फरक स्पष्ट होता. रस्त्यावरच्या भाषेत तो टिकला नाही.

युरोपातही असेच झाले. ग्रीक ‘लेप्रा’ हा मुळात खवले धरणाऱ्या त्वचारोगाचा शब्द होता. अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरे होताना तो जुज़ामाला चिकटला आणि त्यातूनच ‘लेप्रसी’ आले.

३. कायदा आणि शिरगणती

शब्दाची गल्लत कागदावर उतरली की तिचे परिणाम वाढतात. १८९८ च्या लेपर्स कायद्याने निराधार महारोग्यांना पकडून आश्रमात ठेवण्याचा अधिकार दिला. त्यात रोगी कोणाला म्हणायचे, तर ज्याला जखमा होऊ लागल्या आहेत अशाला. १९०१ च्या शिरगणतीतही गणकांना बजावले होते की अवयव झडवणारा रोगच नोंदवा, नुसते पांढरे डाग असतील तर नोंदवू नका. अशी सूचना द्यावी लागली, यावरूनच गोंधळ किती होता ते कळते.

४. विज्ञान काय सांगते

१८७३ मध्ये नॉर्वेच्या हॅन्सन यांना महारोगाचा जिवाणू सापडला. म्हणजे तो संसर्गजन्य आहे, पण सहजासहजी लागत नाही आणि बहुविध औषधोपचाराने, प्रकारानुसार ६ किंवा १२ महिन्यांत, बरा होतो. कोडात जंतूच नसतो. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नाहीशा होतात. ते कोणालाही लागत नाही. ढोबळ खूण अशी : महारोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर असून तिथे बहुधा स्पर्श कळत नाही, कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो आणि तिथली संवेदना शाबूत असते. निदान अर्थात डॉक्टरांनीच करायचे.

५. आज कोणता शब्द वापरावा?

१८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. घटस्फोटाच्या कारणांतून कुष्ठरोग २०१९ मध्ये वगळला गेला. कोडाबद्दलच्या सामाजिक भीतीवर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी २००६ मध्ये ‘नितळ’ हा चित्रपट केला. तेव्हा तुम्ही हिंदी मुलखात असाल तर ‘सफ़ेद दाग’ म्हणा. मराठीत ‘कोड’ किंवा ‘पांढरे डाग’ म्हणा, पण ‘श्वेतकुष्ठ’ टाळा. आणि हेही लक्षात ठेवा : तो खरोखरच कुष्ठरोग असता, तरी उपचार घेणाऱ्या मुलाची खोली सोडण्याचे कारण नव्हते.

हे सारे मी नंतर वर्गात फळ्यावर मांडले. सोबत्याने शेवटपर्यंत ऐकून घेतले. खोली मात्र तोवर बदलून झाली होती.

सरावासाठी प्रश्न

१. ‘कुष्ठ’ या शब्दाचा अर्थ मराठीत आणि हिंदीत कसा बदलला?
२. १९०१ च्या शिरगणतीतील सूचनेवरून तुम्ही काय अनुमान काढाल?
३. तुमच्या गावी खरूज, नायटा, इसब, शिबं यांना कोणती नावे आहेत? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून यादी करा.