खुणा कोणत्या ठेवाव्यात?

खिळ्यांच्या छपाईच्या काळात कोल्हापुरातल्या छापखान्यात हस्तलिखित आले, की आधी त्याच्या समासात खुणा पडत. हा मथळा, हे जाड ठशात, येथे नवा परिच्छेद. त्या वाचून जुळारी खिळे जुळवी. खुणा छापल्या जात नसत, पण त्यांच्यावाचून पुस्तक उभे राहत नसे. संगणकातील मजकुरात घातलेल्या अशाच खुणांना 'मार्कअप' म्हणतात.

या खुणा दोन जातींच्या असतात. 'सोळा पॉइंट, जाड' ही दिसण्याची खूण, तर 'मथळा' ही अर्थाची. 1969 मध्ये आय.बी.एम.मधील चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर व रेमंड लॉरी यांनी अर्थाच्या खुणांची जीएमएल ही पद्धत रचली. हा मथळा आहे, एवढेच लेखकाने सांगावे. तो कसा दिसावा हे छापताना ठरेल. तिच्यातूनच 1986 चे एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक आले आणि 1991 च्या सुमारास, खास तांत्रिक पुस्तकांसाठी, डॉकबुक. त्यात आज्ञा, फाइलचे नाव, धोक्याची सूचना अशा प्रत्येक गोष्टीला वेगळी खूण होती.

लिनक्ससारख्या मुक्त सॉफ्टवेअरची आज्ञावली कोणालाही वाचता व बदलता येते. त्याच्या माहितीपुस्तिकाही पुष्कळदा स्वयंसेवकच लिहितात. त्यांतील अनेक पुस्तिका डॉकबुकमध्ये होत्या. रेड हॅट कंपनीच्या काही पुस्तिकांचे मराठी अनुवादही झाले. संगणक मूळ पुस्तिकेचे परिच्छेद सुटे करी, अनुवादक समोर मराठी लिही आणि संगणक ते पुन्हा जोडी. मात्र वाक्यातील खुणा जशाच्या तशा राखाव्या लागत. एक जरी खूण बंद करायची राहिली, तरी पुस्तिका तयार होत नसे.

साहजिकच लोक सोप्या वाटा शोधू लागले. 2002 मध्ये अॅस्कीडॉक आले, 2004 मध्ये जॉन ग्रुबर यांचे मार्कडाउन. ओळीच्या आरंभी एक छोटे चिन्ह घातले, की मथळा झाला! 2016 पासून लिनक्सच्या गाभ्याची कागदपत्रे डॉकबुक सोडून अशाच एका हलक्या पद्धतीकडे वळू लागली. फेडोराने पुढे अॅस्कीडॉक स्वीकारले.

मग सोपे तेच उत्तम काय? तसेही नाही. मार्कडाउनच्या खुणा थोड्या, म्हणून जो तो आपल्या भर घालू लागला आणि बोली निर्माण झाल्या. 2014 मध्ये त्यांना शिस्त लावण्यासाठी 'कॉमनमार्क' सुरू करावे लागले. खुणा फार झाल्या की लेखक पळतात. फार कमी झाल्या की अर्थ निसटतो.

आपल्याकडे तर त्याआधीची पायरीच डळमळीत होती. 1990 च्या दशकात मराठी मजकूर बहुधा अशा फाँटांत टंकला जाई, की त्यांत मराठी आकृत्या इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेल्या असत. तो फाँट नसेल, तर त्या काळची प्रश्नपत्रिका आज उघडल्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात. पडद्यावर 'क' दिसत होता, पण साठवलेला 'क' नव्हताच. दिसणे आणि असणे यांतला हाच तो फरक! युनिकोडने अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला, तेव्हा ही अडचण सुटली.

म्हणून शाळेसाठी एखादी पुस्तिका लिहिताना दोन प्रश्न जरूर विचारावेत. अक्षरे युनिकोडमध्ये आहेत ना? आणि आजचे सॉफ्टवेअर उद्या बंद पडले, तरी साध्या डोळ्यांना मजकूर व त्यातील खुणा वाचता येतील ना? दोन्हींचे उत्तर 'होय' असेल, तर पद्धत कोणतीही निवडा. पुढच्या शिक्षकाला तुमचे लिखाण पुन्हा टंकावे लागणार नाही.