वेगावरून अभिक्रियेची आतली गोष्ट कशी कळते?

नायट्रोजन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड एकत्र तापवले की नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. समीकरण एवढंच सांगतं. पण मधल्या वेळेत कोणता रेणू कोणावर आदळला? डोळ्यांना न दिसणारी ही साखळी, म्हणजेच अभिक्रियेची यंत्रणा, शोधण्याचा एक मार्ग म्हणजे अभिक्रियेचा वेग मोजणं.

वेग समीकरण म्हणजे काय?

एका पदार्थाचं प्रमाण, म्हणजे संहती, दुप्पट करायची आणि बाकी सगळं तेच ठेवून वेग किती बदलतो ते पाहायचं. असं एकेका पदार्थाबाबत केल्यावर जो संबंध हाती येतो, ते वेग समीकरण. ते फक्त प्रयोगातून मिळतं. रासायनिक समीकरण पाहून ते लिहिता येत नाही.

प्रयोगात काय दिसलं?

वरच्या अभिक्रियेत, साधारण २२५ अंश सेल्सिअसच्या खाली, नायट्रोजन डायऑक्साइडची संहती दुप्पट केली की वेग चौपट होतो. कार्बन मोनॉक्साइडची दुप्पट केली तर काहीच फरक पडत नाही!

हे दोन रेणू थेट एकमेकांवर आदळत असते, तर कार्बन मोनॉक्साइड वाढल्यावर वेग वाढायलाच हवा होता. म्हणजे ती शक्यता बाद झाली. निरीक्षणांशी जुळणारी यंत्रणा दोन टप्प्यांची आहे:

- संथ टप्पा: नायट्रोजन डायऑक्साइडचे दोन रेणू आदळून नायट्रोजन ट्रायऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड तयार होतात.
- जलद टप्पा: हा ट्रायऑक्साइड आपला एक ऑक्सिजन कार्बन मोनॉक्साइडला देतो.

वडापावच्या गाडीवर वडे तळायला वेळ लागत असेल, तर पाव भरणारी माणसं वाढवून रांग लवकर सरकत नाही. इथेही एकूण वेग सर्वात संथ टप्पाच ठरवतो. अभिक्रिया वेगवान करायची असेल तर अडचण कुठे आहे, हे यातून कळतं.

मग यंत्रणा सिद्ध झाली का?

नाही. हायड्रोजन आणि आयोडीनपासून हायड्रोजन आयोडाइड तयार होण्याची अभिक्रिया याचं उत्तम उदाहरण आहे. १८९० च्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ मॅक्स बोडेनस्टाइन यांनी तिचा अभ्यास केला. वेग दोन्ही पदार्थांच्या संहतीच्या गुणाकाराच्या प्रमाणात होता. त्यामुळे एक हायड्रोजन रेणू आणि एक आयोडीन रेणू यांची थेट टक्कर होते, असं सुमारे सत्तर वर्षं मानलं गेलं.

१९६७ मध्ये जॉन सुलिव्हन यांनी कमी तापमानात प्रकाश टाकून आयोडीनचे रेणू फोडले आणि मोकळे अणू तयार केले. तेव्हा वेग आयोडीन अणूंच्या संहतीच्या वर्गाच्या प्रमाणात निघाला. म्हणजे आधी आयोडीनचा रेणू दोन अणूंत फुटतो आणि मग ते दोन्ही अणू हायड्रोजनशी जोडले जातात, असा अर्थ निघत होता. गंमत म्हणजे या मार्गातूनही बोडेनस्टाइन यांचंच वेग समीकरण मिळतं, कारण आयोडीन अणूंच्या संहतीचा वर्ग आयोडीन रेणूंच्या संहतीच्या प्रमाणात असतो. सुलिव्हन यांच्या निष्कर्षावरही पुढे चर्चा झाली.

थोडक्यात

वेग समीकरणाशी न जुळणारी यंत्रणा नक्की चुकीची ठरते. जुळणारी यंत्रणा मात्र फक्त 'शक्य' ठरते. म्हणूनच रसायनशास्त्रज्ञ मधेच तयार होणारे अल्पायुषी पदार्थ शोधतात, प्रकाशाचे प्रयोग करतात आणि समस्थानिकांची खूण लावून एखादा अणू शेवटी कुठे पोहोचला, याचा माग काढतात.